रिठा खरा, पण कृतीही खरी सांगा

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या लाँड्रीत एक बाई रेशमी इरकल घेऊन आल्या. काठाचा लाल रंग अंगात उतरलेला, रेशमाची झळाळी गेलेली, कापड हाताला खरखरीत लागत होतं. म्हणाल्या, "बाहेरचं काहीच वापरलं नाही हो, घरी केलेल्या नैसर्गिक पावडरनंच धुतली." पावडरीत काय घातलं होतं विचारलं, तर किसलेला साबण, धुण्याचा सोडा आणि टाकणखार. मोबाइलवर कृती पाहून केली होती. ती साडी आईची होती. मला ती पूर्वीसारखी करून देता आली नाही, आणि तेव्हापासून आपल्या वर्तमानपत्रातही येणाऱ्या अशा कृतींविषयी हे पत्र लिहायचं मनात होतं.

माझं माहेर परटाचं, सासरही परटाचं. वाईला कृष्णेच्या घाटावर सासऱ्यांनी चाळीस वर्षं कपडे धुतले. साधे सुती कपडे सोड्याच्या पाण्यात बुडवून भट्टीला लावायचे, पण ब्राह्मणआळीतली सोवळी, मुकटे आणि लग्नातले शालू कधी भट्टीजवळही नेत नसत. त्यांना रिठा. सोडा सुताला चालतो, रेशमाला आणि लोकरीला खातो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असे. माझी सून शाळेत विज्ञान शिकवते. तिनं मला त्याचं कारण सांगितलं. धुण्याच्या सोड्याचा सामू (आम्ल-अल्क मोजायचा आकडा, पीएच) 11 च्या आसपास असतो, आणि रेशीम व लोकर ही प्रथिनं असल्यामुळे इतका अल्क त्यांना सोसत नाही. रिठ्याचं पाणी त्या मानानं सौम्य, किंचित आंबटपणाकडे झुकणारं.

साबण किसून त्यात सोडा मिसळला की तो साबणच राहतो. त्याला नैसर्गिक म्हणणं मला पटत नाही. शिवाय बोअरच्या जड पाण्यात त्याची साय धरते, ती कपड्यात बसते आणि पांढरे कपडे राखाडी दिसू लागतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायला सांगणाऱ्या कृतीही फिरतात. फसफसतं ते छान दिसतं, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि हाती उरतं ते जवळजवळ खारट पाणी. त्यानं कॉलरचा मळ कसा निघणार?

रिठ्याचं मात्र मी छातीठोक सांगते. दहा-बारा वाळलेले रिठे घ्या, फोडून आतली काळी बी काढा. फेस सालीत असतो, बीत नाही. साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. निवल्यावर हातानं कुस्करा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. नीट गाळायलाच हवं, नाहीतर सालीचा भुगा मशीनच्या जाळीत अडकतो. डोळ्यांत थेंब गेला तर फार झोंबतं, म्हणून पोरं जवळ असताना कुस्करू नये. अर्ध्या बादली कोमट पाण्याला वाटीभर पुरतं. गार पाण्यात जोर कमी पडतो. हे पाणी बाहेर दोन दिवसांत आंबतं, वास मारतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते आणि लागतील तेवढे तुकडे काढते.

जड पाण्यातही याची साय धरत नाही, ही रिठ्याची मोठी गोष्ट. पण रिठ्याला जमत नाही तेही लिहायला हवं. पाणी तपकिरी असतं, त्यामुळे पांढरे सदरे पुन्हा पुन्हा त्यातच धुतले तर पिवळट होतात. तेलाचा काळा डाग एकट्या रिठ्यानं जात नाही. रक्ताचा आणि दुधाचा डाग आधी गार पाण्यातच भिजवावा, गरम पाणी घातलं की पक्का बसतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि बाया घाबरतात. घाबरू नये, धुऊन कडक उन्हात टाकावा, दोन-तीन उन्हांत फिका पडतो. रोजचे सुती कपडे, बाळाची दुपटी, लोकर, रेशीम, एवढ्यासाठी रिठा मला पुरेसा वाटतो. मळकट कामाच्या कपड्यांना मी आजही साबणच लावते.

आणखी एक गोष्ट कुठल्याच कृतीत वाचायला मिळत नाही. आमच्या आजेसासूबाई रिठ्याचं उरलेलं पाणी ओढ्यात ओतू देत नसत. "मासं मरत्यात," म्हणायच्या. ते खरंच आहे. रिठ्यातलं सॅपोनिन, म्हणजे फेस करणारं द्रव्य, माशांच्या कल्ल्यांना बाधतं, आणि रिठ्यासारखी फळं पाण्यात कुटून मासे धरायची जुनी रीत अनेक ठिकाणी होती. झाडातून आलं म्हणजे नदीला निरुपद्रवी, असं नाही. ते जमिनीत लवकर कुजून जातं, म्हणून पाणी परसातल्या मातीत ओतावं. मी नारळाच्या आळ्यात ओतते. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की रिठ्याची चर्चा सुरू होते. तो फेस शुद्ध न करता सोडलेल्या सांडपाण्याचा आहे, त्यात कारखाने आहेत आणि गावंही आहेत. माझ्या बादलीनं तो थांबणार नाही. तरी नदीकाठी रिठ्याचे कपडे धुवा असं कुणी लिहू नये, एवढं मला कळतं.

आपल्या वर्तमानपत्रात अशा कृती छापून येतात आणि बायका विश्वासानं करून बघतात. म्हणून विनंती आहे की कृतीसोबत ती कोणत्या कापडाला चालते आणि कोणत्या कापडाला नाही, हे एका ओळीत तरी छापावं. रेशमावर सोडा वापरू नका, एवढे शब्द मोबाइलवरच्या त्या कृतीत असते तरी ती इरकल वाचली असती.

रिठ्याचं झाड आपल्या सह्याद्रीतलंच. पण वाईत आता मला फळं वाण्याकडूनच आणावी लागतात. ज्या बिया फेकायच्या, त्या यंदा मी ठेवल्या, चोवीस तास कोमट पाण्यात भिजवल्या आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून लावल्या. चाळीस लावल्या होत्या, अकरा उगवल्या. पाऊस लागला की दोन दुकानामागे लावणार आहे, बाकीच्या नऊ वाईतल्या कुणाला हव्या असतील तर घाटाजवळच्या आमच्या लाँड्रीतून घेऊन जाव्यात.

– एक परटीण, वाई (जि. सातारा)