बंदूक सांगून नेणाऱ्याला तरी छळू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

विमानतळावर अमक्याच्या बॅगेत जिवंत काडतूस सापडलं, गुन्हा दाखल, अशी बातमी अधूनमधून येतेच आणि मग त्यावर वाचकांची पत्रं सुरू होतात. त्यातल्याच एका काकांचं पत्र वाचलं म्हणून हे लिहायला बसलो. काकांचं म्हणणं असं की विमानातून बंदूक न्यायला मुळात परवानगीच कशाला देता, सरसकट बंद करून टाका, विषयच मिटला. ऐकायला बरं वाटतं. पण काका, मग आमच्या पोरापोरींनी दिल्लीच्या तुघलकाबादला, कर्णीसिंग रेंजवर नॅशनल खेळायला काय बेचकी घेऊन जायचं का?

माझी भाची रायफल शूटिंग करते. नाशिकला या खेळाचं वेड आजचं नाही, पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलेला स्वप्निल कुसाळे मूळचा कोल्हापूरकडचा, पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्याने आपल्या नाशिकलाच गिरवलेत. त्याच्या मेडलनंतर तर रेंजवर नवीन मुलांची गर्दी झाली. आता ही मुलं कुठे खेळायला जातात तर दिल्ली, भोपाळ, कधी केरळ. रेल्वेने जायचं तर कन्फर्म तिकीट मिळेल तेव्हा खरं, त्यात दोन रात्री मोडल्या की मॅचला हात स्थिर राहत नाही. म्हणून जमेल तसं आईबाप विमानाचं तिकीट काढतात, ओझरहून (म्हणजे आपल्या नाशिकच्या विमानतळाहून) नाहीतर मुंबईहून, स्वस्त पडलं तर शिर्डीहून.

तर आधी नियम काय ते सांगतो, कारण त्या पत्रात सगळीच सरमिसळ झालीये. केबिनमध्ये, म्हणजे हातातल्या बॅगेत, प्रवाशाला बंदूक, काडतूस, छर्रे यातलं काही म्हणजे काहीच चालत नाही. चेक-इनच्या सामानात चालतं, पण काउंटरवर स्वतःहून सांगून, लायसनची मूळ प्रत दाखवून, हत्यार रिकामं करून, कडक पेटीत कुलूप लावून, आणि गोळ्या वेगळ्या पॅक करून. गोळ्यांना जागतिक नियमाने माणशी ५ किलोची मर्यादा आहे, तीही पॅकिंगसकट, आणि दोघांच्या मिळून १० किलो एका पेटीत भरू म्हटलं तर ते जमत नाही. त्याच्या वर एअरलाइनचे स्वतःचे नियम असतात आणि हाताळणीचा वेगळा चार्ज असतो तो जिचा तिचा. हे ५ किलो .२२ च्या छोट्या गोळीवाल्याला भरपूर झाले, हजाराच्या वर गोळ्या बसतात. पण ट्रॅपवाल्याचं, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडणाऱ्याचं काय? १२ बोरचं एक काडतूस साधारण ३५ ते ४० ग्रॅमचं, क्वालिफिकेशनला १२५ क्ले (त्या तबकड्या), एकेका क्लेवर दोन बार मारायची मुभा, म्हणजे प्रॅक्टिस सोडा, नुसत्या मॅचलासुद्धा ५ किलो पुरतील याची खात्री नाही. तरी तो बिचारा नियम पाळतो आणि बाकीची सोय तिकडे बघतो. हे मुद्दाम सांगतोय कारण लोकांना वाटतं बंदूकवाला म्हणजे पोत्याने दारूगोळा घेऊन विमानात चढतो.

आता खरी गंमत एअर रायफलची. १० मीटरची जी एअर रायफल असते, ४.५ मिमी बोरची आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची, तिला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन लागतच नाही. शाळेतली पोरं हीच रायफल चालवतात. पण काउंटरवरचा मुलगा पेटी बघतो आणि म्हणतो लायसन दाखवा. अरे बाबा लागत नाही लायसन. नाही, लायसनशिवाय घेता येणार नाही. मग बिल दाखवा, एनआरएआयचं, म्हणजे राष्ट्रीय रायफल असोसिएशनचं कार्ड दाखवा, स्पर्धेचं पत्र दाखवा, असोसिएशनचं पत्र दाखवा, तो ते सगळं घेऊन आत जातो, त्याचा सुपरवायझर येतो, तो परत पहिल्यापासून विचारतो. जे कागद सरकार देतच नाही तो कागद आणायचा कुठून? आणि मागे रांगेतली माणसं घड्याळ बघतायत.

भाचीच्या बाबतीत एका मोठ्या विमानतळावर (नाव लिहीत नाही, ओझर नव्हे एवढं सांगतो) तर पेटी तिथेच भर रांगेत उघडायला लावली. आता रायफलची पेटी म्हणजे काय, आत फोममध्ये ती निळी-चंदेरी रायफल, बाजूला डायॉप्टर (नेम धरायची साइट), हवेचा सिलिंडर, छर्ऱ्यांचा डबा. उघडल्या उघडल्या चार जणांनी मोबाईल बाहेर काढले. एक बाई लहान मुलाला घेऊन लांब जाऊन उभ्या राहिल्या, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं ना हे काय चाललंय ते. पोरगी अकरावीतली, तिचा चेहरा रडकुंडीला आलेला. हत्यार रिकामं आहे हे बघायचं कसं हेही तिथे कोणाला ठाऊक नव्हतं, बॅरलमध्ये भगवी, दोरीसारखी सेफ्टी फ्लॅग घातलेली होती, म्हणजे चेंबर रिकामा आहे याची ती खूणच असते, जगभरातल्या रेंजवर चालते, पण इथे त्या दोरीलाच "ये क्या है" म्हणून ओढून काढली आणि बाजूला टाकली. शेवटी तिनेच त्यांना शिकवलं कुठून बघायचं ते. सिलिंडरमधली हवा तिने घरूनच सोडून आणली होती, काटा शून्यावर, म्हणून निदान तो वाद तरी वाचला, नाहीतर भरलेला सिलिंडर बऱ्याच एअरलाइन्स घेतच नाहीत.

आणि हे फक्त आमच्यासारख्या साध्या लोकांचं होतं असं समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये मनू भाकरला दिल्ली विमानतळावर असंच अडवलं होतं, ती भोपाळला ट्रेनिंगला निघालेली, दोन पिस्तुलं आणि गोळ्या बरोबर, कागद होते, तरी वर पैसे मागितले म्हणून तिने ट्विट केलं आणि मग थेट क्रीडामंत्र्यांना मध्ये पडावं लागलं तेव्हा ती विमानात बसली. तीच मनू पुढे पॅरिसला दोन ब्राँझ घेऊन आली. आमच्या भाचीचा फोन कुठला मंत्री उचलणार आहे?

माझा मुद्दा एवढाच आहे की सांगणाऱ्याला जितका त्रास द्याल तितके न सांगणारे वाढतील. आपल्या निफाड-दिंडोरीकडे बऱ्याच जणांकडे शेतीसाठी म्हणून, बिबट्या-बिबट्या म्हणून लायसनची बारा बोर आहे. देवळाली पट्ट्यात रिटायर्ड फौजी आहेत, ते स्वतःची बंदूक घेऊन परराज्यात सिक्युरिटीची नोकरी धरतात. हे लोक काही गुन्हेगार नाहीत. पण काउंटरवर तासभर चोरासारखं उभं राहावं लागणार हे एकदा कळलं की माणूस म्हणतो जाऊ दे, बंदूक गाडीने पाठवू, भाच्याबरोबर पाठवू. आणि ते जास्त धोक्याचं, कारण लायसन ज्याच्या नावावर तोच बरोबर नाही. त्यात लायसन फक्त महाराष्ट्रापुरतं आहे की सगळ्या भारताचं आहे हे सुद्धा कितीतरी जणांनी उघडून बघितलेलं नसतं. ते आधी बघा हो, लायसनवर यूआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा युनिक नंबर पडलाय का तेही बघा, तिकीट नंतर काढा.

आता सापडलेल्या काडतुसांबद्दल. त्या बातम्यांमधला माणूस बहुतेक वेळा बंदूक नेणारा नसतोच, तो बॅग नेणारा असतो! वडिलांची जुनी बॅग, काकांची बॅग, त्यांनी कधीतरी रेंजवर किंवा शेतावर नेलेली, अस्तराच्या शिवणीत एक गोळी अडकून बसलेली, आणि ती एक्स-रेमध्ये चमकते. मग आर्म्स ॲक्टचं कलम २५. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार किंवा गोळी बाळगण्याला कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, आधी हे एक ते तीन होतं. कोर्ट बघतं की माणसाला आपल्याकडे गोळी आहे याची जाणीव होती का, सुप्रीम कोर्टाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यातच सांगून ठेवलंय की नुसतं सापडणं पुरेसं नाही, माहीत असून बाळगणं हवं, आणि त्यावरून हायकोर्टात अशा एक-एक काडतुसाच्या केसेस रद्दही होतात. पण तिथपर्यंत पोचेतो विमान गेलेलं असतं, वकिलाची फी गेलेली असते, पासपोर्टचं काम अडकलेलं असतं. म्हणून ज्या घरात लायसन आहे त्या घरात गोळ्यांची बॅग ती गोळ्यांचीच बॅग, तिच्यात टॉवेल आणि चिवडा भरून कोणी गोव्याला जायचं नाही. बायको ओरडली तरी नवीन बॅग घ्या.

अमेरिकेचं उदाहरण काकांनी दिलंय, तिकडे बंदुका फार म्हणून. बरोबर आहे, पण पूर्ण सांगा ना. तिकडेही चेक-इनमध्ये बंदूक नेता येते, रिकामी करून, कडक पेटीत, कुलूप लावून, किल्ली स्वतःकडे ठेवून, काउंटरवर सांगून. एवढं सोपं असूनही २०२४ मध्ये त्यांच्या टीएसएने, म्हणजे विमानतळ सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याने, चेकपॉइंटवर हातातल्या सामानात ६,६७८ बंदुका पकडल्या आणि त्यातल्या शंभरात ९४ भरलेल्या होत्या. म्हणजे घोळ कुठे आहे, सांगून पेटीत टाकलेल्या बंदुकीत की पर्समध्ये पडून राहिलेल्या? दंड तिकडे हजारो डॉलरपर्यंत जातो तरी लोक "विसरलो" म्हणतात.

हां, एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूची आहे आणि ती मी लपवणार नाही. ६ जानेवारी २०१७ ला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल विमानतळावर एका प्रवाशाने चेक-इनमधून सगळे नियम पाळून आणलेलं पिस्तूल सामानाच्या पट्ट्यावरून घेतलं, बाथरूममध्ये जाऊन भरलं आणि बाहेर येऊन पाच जणांना मारलं. तेव्हा धोका आहेच. पण तो कुठे आहे ते बघा, विमानात नाही, उतरल्यावर आहे, पेटी मालकाच्या हातात पडते त्या ठिकाणी. मग तिथे माणूस ठेवा. हत्यार पट्ट्यावर सोडूच नका, एअरलाइनच्या माणसाने कागद तपासून एका खोलीत हातात द्यावं आणि पेटी बंदच्या बंद टर्मिनलच्या बाहेर जाईल हे बघावं. आपल्याकडे हे बऱ्याच ठिकाणी होतं पण, कधी होतं कधी नाही. एकदा तर भाचीची पेटी इतर सुटकेसबरोबर पट्ट्यावर फिरत आली, आणि शेजारच्या गृहस्थांनी स्वतःची समजून उचलली सुद्धा. गिटार आहे का म्हणाले.

बंदी घातली तर काय होईल? ज्याला वाईट करायचंय तो काउंटरवर येऊन सांगत नसतो. १९७१ साली आपलं 'गंगा' विमान पळवलं ते खेळण्यातल्या पिस्तुलाने.

तर मागणं काय आहे. ओझरचं टर्मिनल लहान आहे, गर्दी मुंबईसारखी नाही, म्हणून इथे हे करून दाखवणं सोपं आहे. काउंटरच्या मागे एक छोटी खोली द्या, हत्यार तिथेच उघडा, पब्लिकसमोर नको. स्टाफमधल्या निदान दोघांना तरी रिकामं हत्यार कसं ओळखायचं ते शिकवा. शिकवायला माणूस लांबून आणायला नको, नाशिकच्या रेंजवरचा कुठलाही कोच एका दुपारी येऊन फुकट शिकवेल, मी शब्द देतो. ज्या गावात एचएएल सुखोई लढाऊ विमानं जोडते त्या गावात एका पोरीच्या छर्ऱ्याच्या रायफलीला बघून स्टाफने घाबरावं हे काही बरं दिसत नाही. आणि लायसन देणारे दोघे, शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीणला कलेक्टर ऑफिस, त्यांनी लायसनबरोबर प्रवासाच्या नियमांचा एक कागद मराठीत द्यावा, त्यात एअर रायफलला लायसन लागत नाही हेही लिहावं आणि त्यावर सही-शिक्का असावा, म्हणजे तोच कागद काउंटरवर पुढे करता येईल. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, ओझरला विमानं वाढणार, बंदोबस्त कडक होणार, आणि तेव्हा नवखा स्टाफ असला की पहिली अडणार ती ही शूटिंगची पोरं. नॅशनलच्या तारखा काही कुंभ बघून ठरत नाहीत.

तुम्हालाही एक विनंती, साहेब. काडतूस सापडल्याची पुढची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली चौकटीत हे नियम टाका, दहा ओळी पुरतील, आणि जागेची अडचण असेल तर एक दिवस राशीभविष्य थोडं बारीक टाइपात घ्या.

आपला,
एका शूटर पोरीचा मामा,
इंदिरानगर, नाशिक