स्पॅम रिपोर्ट टाकला, पुढे काय?

संपादक महोदय,

मागे तुमच्या पानावर पेडण्याच्या एका होमस्टेवाल्या ताईंचं पत्र आलं होतं. त्यांच्या घराचे फोटो उचलून कोणीतरी खोटी बुकिंग साइट काढलीय, पुण्याची माणसं ॲडव्हान्स भरून रात्री अकराला बॅगा घेऊन दारात उभी, आणि गूगलकडे पाच वेळा स्पॅम रिपोर्ट (म्हणजे लबाडीने सर्चमध्ये वर चढलेल्या साइटची तक्रार) टाकला तरी ती साइट आपली गूगलच्या सर्चमध्ये वरच दिसते. वाचून वाईट वाटलं. पण मी फोंड्यात लोकांना वेबसाइट करून द्यायचंच काम करतो म्हणून स्पष्ट सांगतो, ताई ज्या खिडकीवर उभ्या राहिल्या ती त्यांच्या कामाची खिडकीच नव्हती.

स्पॅम रिपोर्ट म्हणजे मामलेदाराकडे दिलेला अर्ज नव्हे, की आवक नंबर पडला आणि आता आज ना उद्या बोलावणं येईल. गूगलच स्वतः कितीतरी वर्षं सांगत आलंय की हे रिपोर्ट मुख्यतः स्पॅम पकडणारी यंत्रणा सुधारायला वापरतात, म्हणजे तुमची तक्रार हा त्यांच्यासाठी एक नमुना. पुढे त्यांनी जाहीर केलं की काही रिपोर्टवरून मॅन्युअल ॲक्शन पण घेऊ, म्हणजे माणूस बसून साइट तपासणार आणि खाली ढकलणार किंवा काढूनच टाकणार, मग त्या साइटवाल्याला सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठी गूगलने दिलेली सोय) नोटीस जाते आणि सुधारणा करून तो फेरविचाराचा अर्ज करू शकतो. पण ‘काही’ हा शब्द लक्षात ठेवा. पावसात लाइट गेली की लाइनमन आधी ट्रान्सफॉर्मर बघतो, एकट्याच्या घरचा फ्यूज मागाहून, तसंच हे. ज्या युक्तीने हजारो लोकांचे सर्च बिघडतात तिच्यावर आधी हात पडतो.

आणि पाच काय पन्नास रिपोर्ट टाकून साइट पडत असती तर कळंगुटच्या निम्म्या हॉटेलांनी उरलेल्या निम्म्यांना सीझनच्या आधीच बुडवलं असतं! त्यामुळे नुसती संख्या बघून निर्णय होत नाही हे बरंच म्हणायचं. मोठ्यांवरही कारवाई होते बरं का, 2006 मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट काढली होती, 2012 मध्ये तर पैसे देऊन दुसऱ्यांच्या साइटवर लिंक लावल्याच्या भानगडीत गूगलने आपल्याच क्रोमचं पान खाली ढकललं. पण 2011 चं जेसी पेनीचं प्रकरण बघा, त्या अमेरिकन दुकानावर ॲक्शन झाली ती न्यूयॉर्क टाइम्सने विचारल्यावर. पेडण्याच्या होमस्टेसाठी एवढं कोण विचारणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मॅन्युअल ॲक्शन झाली तर रिपोर्टात तुम्ही जे लिहिलंय ते जसंच्या तसं त्या साइटच्या मालकाला पाठवतात. तुमचं नाव ते आपणहून देत नाहीत, पण आमची माणसं रिपोर्ट लिहितात कसा, तर ‘मी अमक्याची सून, घर देवळाच्या मागे, माझा मोबाइल हा, कृपया न्याय द्या’. म्हणजे ठगाच्या हातात आपणच पत्ता दिला! असलं काही लिहू नका. काय टाइप केल्यावर ती साइट दिसली ते शब्द, पानाचा पत्ता, आणि फसवणूक नेमकी कुठे आहे, एवढंच पुरे.

बाकी खिडक्या वेगळ्या आहेत. फोटो चोरले तर कॉपीराइटची तक्रार, ती कायदेशीर असते आणि ती खरोखर एकेक करून बघतात, ताईंनी ही पहिल्या दिवशीच करायला हवी होती. निकालावर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असेल तर ती जाहिरात, तिचा फॉर्म निराळा. मॅपवर खोटा नंबर चढवलाय तर तिथेच दुरुस्ती सुचवायची. बँकेची नक्कल करून पासवर्ड काढतात त्याला फिशिंगचा फॉर्म. आणि पैसे गेले असतील तर सर्च इंजिन सोडा, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जेवढा लवकर तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त.

स्पॅमचा फॉर्म कशाला मग? तर समजा एखाद्या मंडळाने आपलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, रिन्यू केलं नाही आणि त्याच नावावर कोणी कसिनोची पानं चढवली (कसिनो आम्हाला नवीन नाहीत म्हणा, मांडवीत उभेच आहेत), तर तो अस्सल स्पॅम, 2024 च्या मार्चमध्ये गूगलने त्यासाठी वेगळा नियमच केलाय. किंवा एकाच मजकुरात नुसती गावाची नावं बदलून केलेली शेकडो पानं. असल्याला रिपोर्ट जरूर टाका, फक्त उत्तराची वाट बघत बसू नका.

पर्यटन खात्याला एक विनंती. गोव्याच्या 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याने हॉटेलं, घरं रजिस्टर करून घेता ना, मग रजिस्टर झालेल्यांची यादी मोबाइलवर नाव टाकलं की पटकन सापडेल अशी, मराठी-कोकणीतही ठेवा. पुण्याच्या माणसाला पैसे भरायच्या आधी नंबर ताडून बघता आला तर ती खोटी साइट पहिल्या नंबरावर असली काय नि दहाव्या, काय फरक पडतो.

आणि ताई, ते फोटो तुम्हीच काढलेत ना? मूळ फाइली फोनमधून डिलीट करू नका, कॉपीराइटच्या तक्रारीला उपयोगी पडतील.

एक वाचक, फोंडा