चष्म्याचं काय करणार आहेस?

नागपूर, मंगळवार रात्र

प्रिय मुक्ता,

फोन आधी तू ठेवलास की मी, यावर तुझ्या बाबांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. असो. शनिवारी धरण्याला बसू नकोस, असं आता म्हणणार नाही. पण चष्म्याचं काय करणार आहेस?

'अहिंसा म्हणजे हात उचलायचा नाही, त्यात शिकायचं काय?' असं तू म्हणालीस आणि तिथेच माझा आवाज चढला. शिकायचं असतं गं. १९५३ ते १९५६ अशी तीन वर्षं आपल्या हिस्लॉप कॉलेजात जेम्स लॉसन नावाचे काळे अमेरिकन तरुण होते. मेथडिस्ट मिशनतर्फे आलेले, मुलांना खेळ शिकवायचे. कोरियाच्या युद्धात सैन्यभरती नाकारली म्हणून त्याआधी वर्षाहून जास्त तुरुंगात काढलेलं. इथे ते गांधीजींचा मार्ग अभ्यासत होते. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या माँटगमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यांनी वाचली तीही 'नागपूर टाइम्स'मध्ये. बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्याहून जेमतेम चार महिन्यांनी लहान. त्या किंग यांच्या घरातही सुरुवातीला बंदुका होत्या! म्हणजे जन्मतः कुणीच शिकून येत नाही. फेब्रुवारी १९५७ मध्ये दोघं अमेरिकेत ओबर्लिन कॉलेजात भेटले, तेव्हा किंग म्हणाले, शिक्षण पुरं व्हायची वाट बघू नका, दक्षिणेत आत्ताच या.

लॉसन गेले नॅशव्हिलला. तिथल्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसांना खरेदी करता यायची, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसता यायचं नाही. १९५९ च्या शरदात एका चर्चच्या तळघरात त्यांचे वर्ग भरत. खुर्च्या मांडून खोटा काउंटर करायचा. निम्म्यांनी गिऱ्हाईक व्हायचं, निम्म्यांनी गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्ची ओढून पाडायचं. मग अदलाबदल. ही अदलाबदल मला फार महत्त्वाची वाटते, कारण शिवी देणाऱ्याच्या जागी उभं राहिल्यावर त्याला काय हवंय ते कळतं. त्याला तुमचा राग हवा असतो.

पडलं तर गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही हात डोक्यामागे बांधायचे. एकट्याला अनेक जण मारत असतील तर दुसऱ्याने मध्ये अंग घालायचं, म्हणजे मार वाटला जातो. आणि जमेल तितका वेळ मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. मुक्ता, चष्म्याशिवाय तुला हातभरावरचे डोळे तरी दिसतील का? आणि घातलास तर काच कुठे जाईल? नाही, हे पुन्हा लिहायचं नव्हतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात दोनदा चाचणी झाली. आधी काहीतरी विकत घ्यायचं, मग काउंटरवर बसायचं. नकार मिळाला की कारण विचारून शांतपणे निघायचं. १३ फेब्रुवारी १९६० ला १२४ जण खरोखर बसले. ठेवणीतले कपडे, हातात अभ्यासाची पुस्तकं. जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेट या विद्यार्थ्यांनी नियम लिहून दिले होते: उलट मारू नका, शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, दुकानाच्या माणसाशी गप्पा मारू नका, दार अडवू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. हसण्यावर बंदी का, असं तू विचारशीलच. घाबरलेल्या माणसाला हसू फुटतं आणि समोरच्याला ती खिल्ली वाटते. दार अडवलं तर गुन्हा आयता मिळतो. तुमचं पोस्टर पाहिलं. त्यात प्रमुख कोण ते नाही, निरोप कुणी कुणाला द्यायचा ते नाही, आणि गेटसमोर बसणार आहात. गेट मोकळं ठेवा.

२७ फेब्रुवारीला जमावाने मुलांना स्टुलांवरून ओढून मारलं, अंगावर सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी धरलं ते मार खाणाऱ्यांनाच, ८१ जणांना. एका तुकडीला नेलं की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसे. पन्नास डॉलर दंड झाला. तो न भरता मुलं तुरुंगात गेली. ३ मार्चला लॉसन शिकत होते त्या विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. (हे वाक्य बाबांनी दोनदा वाचलं. तुझ्या फेलोशिपचा विषय मी काढत नाहीये.) पण नुसत्या बसण्याने दुकानं हलली नाहीत, काळ्या वस्तीने ईस्टरची खरेदीच बंद केली तेव्हा गल्ल्याला झळ लागली. १९ एप्रिलला मुलांच्या वकिलाच्या, लूबींच्या, घरावर बॉम्ब पडला. त्या दिवशी हजारो माणसं मुकाट्याने सिटी हॉलवर चालत गेली, आणि मुलांची पुढारी डायॅन नॅश हिने महापौरांना सरळ विचारलं की हा भेदभाव चूक आहे असं तुम्हाला स्वतःला वाटतं ना? ते हो म्हणाले. १० मेला सहा दुकानांचे काउंटर खुले झाले. डायॅन तेव्हा एकवीस वर्षांची होती. तुझ्याएवढीच.

व्याख्यान झालं ना? माफ कर. पण एक राहिलंच. लहानग्या जिमीला, म्हणजे लॉसननाच, एका गोऱ्या पोराने शिवी दिली, याने त्याला थप्पड लगावली आणि घरी येऊन आईला सांगितलं. ती रागावली नाही. त्याने काय भलं झालं रे, एवढंच तिने विचारलं. पाचवीतल्या त्या कंपासपेटीच्या भानगडीत मी काय विचारलं होतं ते तुला आठवतं, मलाही आठवतं. मी विचारलं होतं, 'तुला लागलं का?' आजही माझ्या तोंडी तेवढंच येतंय.

आपल्याला राग आवरणार नाही असं ज्याला वाटे, त्याने स्टुलावर बसू नये, असा तिथे दंडक होता. नजर ठेवायला, फोन करायला, गाडीवर माणसं लागतातच. त्यात कमीपणा नाही. तुझा राग आजोबांवर गेलाय, म्हणून म्हणते. पण तू बसणारच, हेही मला कळतं, आणि आज शेजारच्या काकूंना मी ते जरा मोठ्यानेच सांगितलं.

तुझा जुना प्लास्टिकच्या काचांचा चष्मा कपाटात सापडला. नंबर पाऊणने कमी आहे, पण माणसाचा चेहरा दिसेल. मागून इलॅस्टिक शिवून दिलंय, लुगडी वाळवायच्या दोरीचं नाही, नवं आणलंय. उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवते. गुरुवारी सकाळी उतरवून घे आणि डोक्यावर घट्ट बसतो का बघ. सैल वाटला तर एक गाठ मार, डावीकडे, उजवीकडची शिवण कच्ची आहे.

तुझी,
आई