सक्युलंटच्या कुंडीवर खरे नाव हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या रोपवाटिकांत आणि हिवाळ्यातल्या पुष्पप्रदर्शनांत काटा दिसला की 'कॅक्टस' आणि पान जाड असले की 'सक्युलंट' (पाना-खोडात पाणी साठवणारी मांसल वनस्पती), एवढीच पाटी लावलेली असते. आपल्या बोलण्यातही हा घोळ आहेच. फड्या निवडुंग हा कॅक्टस, त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया, म्हणजे चीक असलेल्या वेगळ्याच कुळातला. दहापट भिंगाखाली फरक लगेच कळतो. फड्याचे काटे लोकरीसारख्या छोट्या गादीतून उगवतात आणि त्याच गादीत केसाएवढी कुसळेही असतात. त्रिधारीला गादी नसते, काटे जोडीने येतात आणि टाचणी टोचताच पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून लहान मुले असलेल्या घरी तरी नेमके नाव माहीत असायलाच हवे.

कोरफड आणि घायपातीतही अशीच गल्लत होते. जुने पान मोडून पाहावे. कोरफडीचे पान गर दाखवत सहज तुटते, घायपातीचे चिवट धाग्यांना लोंबकळत राहते. बऱ्याच घायपातींच्या पानांवर शेजारच्या पानाच्या दातांचा ठसाही उमटलेला दिसतो. तो कोंबात पाने घट्ट मिटलेली असताना पडतो.

क्रॅसुला, एचेव्हेरिया, गॅस्टेरिया अशा इतर सक्युलंटमध्ये पृष्ठभाग पाहण्याआधी पानांची मांडणी पाहावी. क्रॅसुलाची पाने समोरासमोर असतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात येते. एचेव्हेरियाची पाने गुलाबासारखी गोल फिरत जातात. गॅस्टेरियाची, निदान कोवळेपणी, दोनच रांगांत असतात.

सर्वाधिक चुका पांढऱ्या पट्ट्यांच्या 'झेब्रा' हॉवर्थियात होतात. 2013 पासून त्याला हॉवर्थिऑप्सिस या प्रजातीत (genus) धरतात. त्यातल्या दोन जाती (species) म्हणजे फॅसिएटा आणि ॲटेन्युएटा; बाजारात 'फॅसिएटा' म्हणून मिळणारे रोप बहुतेक वेळा ॲटेन्युएटा असते. पानाच्या आतल्या, वरच्या बाजूवर बोट फिरवावे. फॅसिएटाची ही बाजू गुळगुळीत असते, पांढरे उंचवटे फक्त बाहेरून. ॲटेन्युएटाला ते दोन्हीकडे असतात. उजेड तिरपा पाडला तर बारीक उंचवटेही दिसतात.

एचेव्हेरियावरची पांढरी भुकटी म्हणजे मेण. ती पुसली गेली तर त्या पानावर परत येत नाही, म्हणून हात लावून तपासायचेच असेल तर सर्वांत खालचे पान निवडावे. कॅलँचो टोमेंटोसा या सक्युलंटच्या पानावरची मखमल मेणाची नसून केसांची असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या लवेत पाणी अडून पान कुजते, म्हणून असे रोप जूनपासूनच छपराखाली ठेवावे.

रंगावर मात्र अजिबात विसंबू नये. थंडीत आणि कडक उन्हात लाल झालेले रोप ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत हिरवे होते. सावलीत लांबट, विस्कटलेल्या रोपावरूनही निष्कर्ष काढू नये. भरपूर उजेडात 4-5 नवी पाने येईपर्यंत थांबावे.

प्रदर्शनांच्या संयोजकांना विनंती, की यंदा प्रत्येक कुंडीवर प्रजातीचे नाव लिहायला सांगावे. जात नक्की नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. पट्टी प्लॅस्टिकची आणि लेखन पेन्सिलीचे असावे, कारण मार्करची शाई उन्हात उडून जाते.

आपले,
सक्युलंट जोपासणारे काही वाचक, कोल्हापूर