ती पूजेची मूर्ती नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सुमेरी, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकमधल्या, तांबेकामावरचा लेख आवडला. फोटोंखालच्या ओळींत मात्र दोन घोटाळे झाले आहेत.

पहिल्या फोटोतल्या टोपलीवाल्याला ‘देव’ म्हटले आहे. सुमेरी मूर्तीत देव ओळखायचा तर आधी डोके पाहावे. शिंगांचा मुकुट असला तर देव. या गृहस्थांचे डोके तुळतुळीत आहे. तो ऊर नगराचा राजा उर-नम्मू, इ.स.पू. २१००च्या सुमाराचा. मंदिराच्या बांधकामासाठी खुद्द राजा डोक्यावर मातीने भरलेली टोपली वाहतो आहे.

दुसऱ्या फोटोत खरोखरच देव आहे, शिंगांच्या मुकुटासकट. पण ती ‘पूजेची मूर्ती’ नव्हे. वीतभर उंचीचा हा देव गुडघा टेकून दोन्ही हातांनी एक जाडजूड मेख जमिनीत रोवतो आहे. लगश या सुमेरी राज्याचा शासक गुदेआ याने तिथल्या गिर्सू नगरात निन्गिर्सू देवाचे मंदिर बांधले, तेव्हा असे देव मंदिराच्या पायात पुरले. भाजक्या विटांची पेटी, तिला डांबराचा लेप, आत हा देव आणि सोबत दगडी लेख. वर भिंती चढल्या की तो पुन्हा कुणाच्या नजरेस पडायचा नाही. बरे, दक्षिण इराकच्या त्या गाळाच्या मुलखात तांबे मुळीच मिळत नाही. ते समुद्रापलीकडच्या मगनहून, म्हणजे आजच्या ओमानकडून, किंवा दूरच्या डोंगरांतून आणावे लागे. एवढ्या लांबून आणलेला धातू, मेणाचा नमुना करून केलेले बारीक ओतकाम, आणि सगळे मातीआड! १८७७ साली फ्रेंचांनी तिथे उत्खनन सुरू केले, म्हणून आज आपण हे देव संग्रहालयाच्या काचेमागे पाहतो. घडवणाऱ्याला काही ते अपेक्षित नव्हते.

आपल्याकडच्या वास्तुनिक्षेपाशी याचे नाते जोडावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण त्याचा नुसता दाखला दिला असता, तर मराठी वाचकाला हे चटकन कळले असते. आमच्या वास्तुशांतीला गुरुजींनी आग्नेय कोपऱ्यात प्रतिमा पुरायला लावली, तेव्हा गवंडी फरशी हातात धरून शेजारी ताटकळत उभा होता. आता त्या फरशीवर पिठाचा डबा असतो. तिथे कुणी फूल वाहत नाही.

दोन्ही ओळींची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा