चि. मनूस, डेटास्टोअर भरल्याबद्दल

फ्रँकफर्ट, रविवार, १२ ऑक्टोबर

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझं निम्मं कळलं, निम्मं लोकलच्या खडखडाटात गेलं. कळलं ते इतकंच, की महापेला तुमच्या सर्व्हर रूममधल्या काही व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले संगणक, रात्री एकदम थांबल्या, काही मजेत चालू राहिल्या, आणि सीनियरनं तुला "होस्ट रिस्टार्ट मार" (होस्ट म्हणजे या मशीन ज्याच्यावर चालतात तो खरा सर्व्हर) म्हणून सांगितलं. तू मारला नाहीस हे फार बरं केलंस. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप करत बसण्यापेक्षा पत्रच लिहितो. ताईला वाचून दाखवू नकोस, म्हणेल मामा-भाचीला दुसरे विषयच नाहीत.

काही थांबल्या आणि काही चालल्या, यातच अर्धं उत्तर आहे. होस्ट आडवा झाला असता तर त्याच्यावरच्या सगळ्याच गेल्या असत्या. निवडक मशीन थांबतात तेव्हा आधी डेटास्टोअरवर, म्हणजे या मशीनच्या डिस्क जिथे साठवलेल्या असतात तिथे, मोकळी जागा किती उरली ते बघायचं. ज्यांची डिस्क थिक आहे, म्हणजे सगळी जागा पहिल्या दिवशीच अडवून ठेवलेली, त्यांना जागा संपल्याचं सोयरसुतक नसतं. थांबतात त्या थिन, म्हणजे लागेल तशी जागा घेणाऱ्या डिस्कवाल्या आणि ज्यांच्यावर स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, आहे त्या, कारण लिहिताना त्यांना नवी जागा लागते. थिक असूनही एखादी थांबली असेल तर तिच्यावर कुणीतरी स्नॅपशॉट काढून विसरलंय, असं धरूनच चाल.

थिन म्हणजे लग्नाची आमंत्रणं हजार वाटायची आणि केटररला पानं सहाशेच सांगायची. एरवी खपून जातं, कारण सगळे येत नाहीत. जागेपेक्षा जास्त डिस्क वाटण्यात गैर काहीच नाही, सगळेच वाटतात. फक्त मग कुणीतरी मोजत राहायला हवं. व्हीस्फिअरमध्ये, म्हणजे या मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये, डेटास्टोअर ७५ टक्के भरलं की पिवळा इशारा आणि ८५ टक्क्यांना लाल, हे मुळातच लावलेलं असतं. मेल जायची सोय मात्र आपण करायची असते. ती केलेली आहे का, आणि असेल तर मेल कुणाला जातो, हे तू सोमवारी विचार. बहुतेक ठिकाणी तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाला जात असतो.

आता त्या रात्रीचं. थांबलेल्या मशीनपाशी व्हीस्फिअर एक चौकट उघडून ठेवतं: जागा नाही, रिट्राय की कॅन्सल? अडीच वाजता झोपेनं डोळे मिटत असताना ती चौकट नजरेसमोरून घालवायची म्हणून बोट कॅन्सलवर जातं. कॅन्सल म्हणजे त्या मशीनचा प्लग उपटणं. खरं तर ती मेलेली नसते. तिची मेमरी, अर्धवट लिहिलेला डेटा, सगळं जिथल्या तिथे असतं. जागा करून रिट्राय दाबलंस की थांबली होती तिथूनच पुढे चालू लागते. बाहेरच्या जोडण्या तुटल्या असतील, त्या पुन्हा होतील. होस्ट रिस्टार्ट केला असतास तर या अडकलेल्या आणि त्यांच्यासोबत चांगल्या चाललेल्याही, सगळ्या धाडकन बंद पडल्या असत्या. जागा मात्र तेवढीच भरलेली राहिली असती.

जागा करायची कुठून? सगळ्यात झटपट मिळते ती स्वॅप फाइलची, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायच्या फाइलची. चालू असलेल्या प्रत्येक मशीनच्या फोल्डरमध्ये व्हीएसडब्ल्यूपी शेपटाची एक फाइल असते. मशीनला दिलेल्या रॅममधून राखीव ठेवलेली रॅम वजा केली की तिचा आकार. म्हणजे ३२ जीबी रॅमची, काहीच राखीव नसलेली एखादी टेस्ट मशीन रीतसर शटडाउन केलीस की ३२ जीबी तिथल्या तिथे सुटले. दुसरं म्हणजे आयएसओ फाइली. कुणीतरी कधीतरी इन्स्टॉलसाठी चढवलेल्या असतात आणि पुढे कुणी ढुंकून बघत नाही. स्टोरेज व्हीमोशन करून एखादी मशीन चालू अवस्थेतच दुसऱ्या डेटास्टोअरवर हलवता येते, पण त्याला वेळ लागतो. ते घाई संपल्यावर कर.

एका फाइलीला मात्र अजिबात हात लावायचा नाही. नावाच्या शेवटी ०००००१ असे आकडे असलेली डिस्क फाइल. दिसते भली मोठी, नाव विचित्र, वाटतं कसलातरी कचरा आहे. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण या फाइलीत जातं. ती उडवलीस तर स्नॅपशॉट घेतल्यापासूनचं सगळं काम गेलं, परत आणायला काही शिल्लक नाही. म्हणूनच स्नॅपशॉटला बॅकअप म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मूळ डिस्क बिघडली तर या फाइलीचा, म्हणजे डेल्टाचा, उपयोग शून्य, आणि दोन्ही एकाच डेटास्टोअरवर असतात.

नको असलेला स्नॅपशॉट काढायचा तो स्नॅपशॉट मॅनेजरमधून. तिथे "डिलीट" लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस दचकतो, पण त्यात डेटा पुसला जात नाही, तो मूळ डिस्कमध्ये मिसळला जातो. मूळ डिस्क थिन असेल तर मिसळताना ती फुगते, म्हणून आधी थोडी जागा करून मगच हे काम हातात घे. टक्केवारी भराभर ९९ पर्यंत जाईल आणि तिथे तासन् तास बसेल. बसू दे. मध्येच तोडायचं नाही, होस्ट रिस्टार्ट करायचा नाही, दर दहा मिनिटांनी फोन करणाऱ्या साहेबांना काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. व्हीएमवेअरची स्वतःची शिफारस अशी की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि साखळी ३२ पर्यंत जाऊ शकत असली तरी दोन-तीनवर थांबावं. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे, नाव घेत नाही, अकाउंट्सच्या मशीनवर अपग्रेडच्या आधी काढलेला स्नॅपशॉट तसाच लटकत होता. डेल्टा वाढत वाढत मूळ डिस्कच्या आकाराला टेकला होता. अपग्रेड करणारा माणूस दुसऱ्या कंपनीत जाऊन स्थिरावलासुद्धा होता.

आणि स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नकोस. रोज रात्री बॅकअप सॉफ्टवेअर स्वतःचा स्नॅपशॉट काढतं आणि काम झालं की मिटवतं. कधी मिटवायचं फसतं, यादीतून नाव जातं आणि फाइल मागे राहते. तेव्हा फोल्डर उघडून डोळ्यांनी बघायचं. मिटवायला गेल्यावर फाइल लॉक आहे असं आलं तर बॅकअप सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघ, बहुधा त्या मशीनची डिस्क त्याला अजून जोडलेली सापडेल. ती तिथून सोडवायची, पण सोडवताना "डेटास्टोअरवरून फाइल डिलीट करा" ही खूण केलेली नाही ना, हे दोनदा बघायचं. एवढ्या एका खुणेपायी लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत.

अजून एक गोम आहे. मशीनच्या आत फाइली पुसल्या म्हणून खालच्या स्टोरेजला ते आपोआप कळतंच असं नाही. विंडोजमध्ये १०० जीबी मोकळे दिसतील आणि डेटास्टोअर तसंच भरलेलं असेल. डेटास्टोअर स्वतः ज्या लनवर, म्हणजे स्टोरेजनं कापून दिलेल्या तुकड्यावर, आहे तो लनही थिन असेल तर वर जागा दिसते आणि खाली कपाटात संपलेली असते. डेटास्टोअरच्या फाइल सिस्टिमची व्हीएमएफएस ६ ही आवृत्ती आली तेव्हापासून, म्हणजे व्हीस्फिअरच्या २०१६ च्या ६.५ पासून, डेटास्टोअरवर मोकळी झालेली जागा खाली कळवण्याचं काम आपोआप होतं. जुन्या व्हीएमएफएस ५ वर ते हातानं कमांड देऊन करावं लागतं. आणि ५ चं ६ जागच्या जागी करता येत नाही, नवं डेटास्टोअर करून मशीन हलवाव्या लागतात. तुमच्याकडे कोणतं आहे ते बघून ठेव.

तुझा दुसरा प्रश्न होता, की सीपीयू शांत, रॅम शिल्लक आणि तरी सगळे "स्लो आहे, स्लो आहे" म्हणून ओरडतात. स्टोरेजचं दुखणं कधीच स्वतःच्या नावानं येत नाही. अकाउंट्सवाले म्हणतील टॅली अडकतंय, डेटाबेसवाला म्हणेल क्वेरी चालत नाही, कुणी नेटवर्कवाल्याला शिव्या घालेल. तू होस्टवर ईएसएक्सटॉप, म्हणजे होस्टचे चालू आकडे दाखवणारा प्रोग्रॅम, उघड आणि यू दाब. तिथे डीएव्हीजी म्हणजे होस्टमधून निघून स्टोरेजपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ, केएव्हीजी म्हणजे होस्टच्या आतच गेलेला वेळ आणि जीएव्हीजी म्हणजे दोन्हींची बेरीज, जी मशीनला सोसावी लागते. डीएव्हीजी सारखा २०-२५ मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर दुखणं खाली आहे: केबल, स्विच, डिस्क. केएव्हीजी शून्याच्या आसपासच असायला हवा. दोनच्या वर रेंगाळला तर होस्टमध्येच रांग लागली आहे. मशीनच्या आत शिरून सर्व्हिसेस बंद करत बसण्याआधी हे दोन आकडे बघ, दिवसाचे कष्ट वाचतील.

रात्रीचे आकडे दिवसाच्या आकड्यांशेजारी ठेव. बॅकअप आणि अँटीव्हायरसचं स्कॅन एकाच वेळेला लावलेलं असतं, हा आजार इथे जर्मनीतही आहे.

नेटवर्कवरचं आयस्कझी स्टोरेज असेल तर एक तपासणी आधी करून घे, मग पुढचं बोल. मोठी पाकिटं, ९००० एमटीयूची (म्हणजे ९००० बाइटपर्यंतची), होस्टवर चालू असतात, स्टोरेजवर चालू असतात, आणि मधल्या एका स्विचवर कुणी ती चालू करायचं विसरलेलं असतं. मग गंमत बघ: साधा पिंग जातो, लॉगिन होतं, लन दिसतो, छोट्या फाइली उघडतात, आणि मोठी कॉपी लावली की सगळं गोठतं. लोक डिस्क बदलतात, केबल बदलतात. होस्टवरून व्हीएमकेपिंग दे, तुकडे न करण्याची अट घालून, ८९७२ बाइटचं. वरचे २८ हेडरचे, मिळून ९०००. साधा गेला आणि हा नाही गेला, तर दोष मधल्या वाटेत आहे. स्टोरेजकडे दोन वाटा असतील तर दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या.

लोकल डिस्क आणि रेड कार्डवाले (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड असलेले) सर्व्हर असतील तर वाचन झपाट्यानं आणि लिखाण मात्र रडत, असं दिसलं की कार्डाच्या कॅशची बॅटरी बघ. ती गेली की बरीच कार्डं सुरक्षिततेसाठी थेट डिस्कवर लिहायला लागतात.

स्टोरेज पूर्णच गायब झालं तर ईएसएक्सआय, म्हणजे होस्टवरचं सॉफ्टवेअर, ठरलेले १४० सेकंद वाट बघतं आणि मग होस्टच्या स्वतःच्या मागण्या परत पाठवायला लागतं; मशीनच्या मागण्या मात्र ते पुन्हा पुन्हा करून बघत राहतं. स्टोरेज परत आल्यावर लिनक्स मशीन चालू दिसतील, लॉगिनही होईल, पण फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होऊन बसलेली असेल. एखादी फुसकी फाइल तयार करून बघ. नाही झाली तर रीस्टार्ट करून एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिमची तपासणी, चालू दे. रीस्टार्टची खरी जागा इथे आहे. आणि सगळ्या एकदम चालू करू नकोस: आधी नावं आणि लॉगिन सांभाळणारे डीएनएस आणि डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग त्यावर चालणारी अ‍ॅप्लिकेशन.

सीनियरशी वाद घालू नकोस. "सर, आधी एक स्क्रीनशॉट काढून ठेवू का?" असं म्हण. त्या दोन मिनिटांत माणूस स्वतःच विचार करायला लागतो.

बाकी इकडे थंडी सुरू झाली. महिनाअखेरीला इथली घड्याळं मागे जातील, मग तुमच्या-आमच्यात साडेचार तासांचा फरक; ताईला सांग, सकाळी सातला फोन करू नको. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं दिवाळी पहाटेला राम मारुती रोडच्या गर्दीत उभं राहायचा हट्ट यंदा सोडा, घरी बसून फराळ करा. फराळाच्या डब्यात चकल्या खाली आणि लाडू वर ठेवू नका एवढीच विनंती. गेल्या खेपेस भाजणीचं पीठ परत मिळालं. भावोजी तुर्भ्याच्या केमिकल कारखान्यात जायचे तेव्हा ठाणे-बेलापूर रोडवर नुसता वास असायचा. आता त्याच पट्ट्यात तू सर्व्हर सांभाळतेस, याचं त्यांना जरा कौतुक आहे हं. बोलून दाखवणार नाहीत.

ती. ताईस व भावोजींना सा. न.

तुझा,
मामा

ता. क. जागा झाल्यावर प्रत्येक थांबलेल्या मशीनचा रिट्राय वेगळा दाबावा लागतो. डेटाबेसच्या मशीनपासून सुरुवात कर, आणि मध्ये मध्ये मोकळी जागा किती उरली ते बघत जा, नाहीतर शेवटच्या दोन मशीनना पुन्हा तीच चौकट येईल.