पडदा बघून फ्लाइंग स्कूल निवडू नका

संपादक महोदय,

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोमलवाड्यात ओळखीपाळखीचे पालक मुलामुलींना घेऊन घरी येतात. पायलट व्हायचं म्हणतो, कुठे प्रवेश घ्यावा? हल्ली त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'तिथल्या विमानांत ग्लास कॉकपिट आहे ना?' म्हणजे वैमानिकासमोर डायलांऐवजी संगणकी पडदे. काटे असलेली गोल डायलं म्हटलं की चेहरे पडतात. एवढे लाखो रुपये भरायचे आणि पोरीने जुन्या विमानावर शिकायचं का, असा भाव असतो. मी गोल डायलांवर शिकलो, पुढे नोकरीत पडद्यांची विमानं उडवली आणि निवृत्तीआधी काही वर्षं शिकवलंही. शाळा निवडायची ही कसोटी मला साफ चुकीची वाटते.

पडद्यांचे फायदे मी नाकारत नाही. जुन्या सेसना १५२ या छोट्या शिकाऊ विमानात दिशा दाखवणारा जायरो, म्हणजे गरगर फिरणाऱ्या चकतीवर चालणारं उपकरण, हळूहळू सरकतो, त्यामुळे दर दहा-पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी ताडून जुळवून घ्यावा लागतो. पडद्यावर ही कटकट नाही. गार्मिन जी-१००० या छोट्या विमानांतल्या पडदे-यंत्रणेत तर वेगाच्या पट्टीशेजारी एक जांभळट रेघ असते. वेग असाच वाढत किंवा घटत राहिला तर सहा सेकंदांनी तो किती असेल, हे ती दाखवते. आमच्या वेळी असा आधार नव्हता.

पण लँडिंगला येताना नजर धावपट्टीवर असावी लागते. अशा वेळी डोळ्याच्या कोपऱ्यातून काटा कळतो. घड्याळात आपण आकडे वाचत नाही, काट्यांची ठेवण बघतो, तसंच हे. पट्टीवरचा आकडा मात्र वाचावा लागतो. पडद्यांवर शिकून काट्यांच्या विमानात आलेली मुलं सुरुवातीला वेग शोधत बसतात, आणि काट्यांवरून पडद्यांकडे गेलेल्यांची नजर पडद्यावरच्या नकाशात अडकते. दोघांनाही 'बाहेर बघ' हे सतत बजावावं लागतं.

खरा फरक कळतो तो उपकरण बिघडल्यावर. सेसना १५२ मधलं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललं आहे हे दाखवणारं डायल, हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपावर चालतं. पंप बंद पडला तरी ते लगेच थांबत नाही. आतल्या जायरोचा वेग उतरत जातो आणि क्षितिज इतकं सावकाश कलतं, की ढगात असलेला वैमानिक त्यालाच खरं मानून विमान वळवत राहतो. पडद्याचं तसं नाही. माहिती मिळेनाशी झाली की तिथे सरळ लाल फुली येते. हा स्पष्टपणा फार मोलाचा आहे. मात्र सगळं एकवटलेलं असल्यामुळे जातं तेव्हा बरंच काही एकदम जातं. म्हणूनच जी-१००० घेऊन आलेल्या सुरुवातीच्या सेसना १७२ मध्ये पडद्यांखाली तीन छोटी गोल डायलं ठेवलेली होती: वेग, क्षितिज आणि उंची. ती वाचता आली नाहीत, तर वरच्या महागड्या पडद्यांचा त्या क्षणी काही उपयोग नाही.

आपल्याकडचे दोन अपघात मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ मुंबईहून उडालं आणि काही मिनिटांत अरबी समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं क्षितिज बिघडलं होतं आणि इतर उपकरणांवरून विमानाची खरी स्थिती ओळखली गेली नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बेंगळुरूला इंडियन एअरलाइन्सचं नवं कोरं एअरबस ए-३२० धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं, ९२ जण गेले. त्याच्या कॉकपिटमध्ये त्या काळातले सर्वांत आधुनिक पडदे होते. इंजिनं अगदी किमान शक्तीवर आहेत आणि विमानाचा वेग घसरतो आहे, हे वेळेत ध्यानात आलं नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये छोट्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात बनलेली आठ हजारांहून अधिक विमानं त्यात होती. पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, पण प्राणघातक अपघातांचं प्रमाण जास्त निघालं. ही विमानं लांबच्या प्रवासाला आणि खराब हवेत जास्त वापरली जात होती, हेही खरं. तरी मंडळाने भर दिला तो त्या-त्या यंत्रणेच्या खास प्रशिक्षणावर.

काट्यांना कमी लेखणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरच्या याच सोनेगाव विमानतळावर एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. ती डकोटा विमानं अंधारात काट्यांच्याच भरवशावर उडत होती.

पुढे एअरलाइनमध्ये पडदेच असतात, हे पालकांचं म्हणणं बरोबर आहे. पण तिथले पडदे तिथल्या सिम्युलेटरवर शिकवतात. नजर फिरवायची आणि एका उपकरणाची दुसऱ्याशी पडताळणी करायची सवय मात्र पहिल्या दोनशे तासांतच लागते. तेव्हा गोंदियाला जा किंवा नागपुरातच राहा, पण शाळेत हे विचारा: पडदा बंद करून किंवा डायल झाकून मुलांकडून उड्डाण करून घेता का? एका प्रकारच्या विमानातून दुसऱ्यात जाताना प्रशिक्षक किती तास सोबत असतो? आणि हे नुसतं ऑफिसात विचारू नका, तिथे शिकणाऱ्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा. दोन्हीकडची उत्तरं जुळली नाहीत, तर पैसे भरायची घाई करू नका.

— एक निवृत्त वैमानिक, सोमलवाडा, नागपूर